मुलकी, गैरमुलकी आणि दिल्लीचा कायदा

१ एप्रिल १९५१ पासून नांदेडच्या कोर्टात चोराला शिक्षा होऊ लागली ती दिल्लीच्या कायद्याने. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिथे हैदराबादचा, म्हणजे निजामाच्या काळातला आसफिया कायदा चालत होता. 'भाग ब राज्ये (कायदे) अधिनियम' हा १९५१ सालचा संसदेचा तिसरा कायदा. पहिला आणि दुसरा होता फौजदारी व दिवाणी प्रक्रिया संहितांच्या दुरुस्तीचा. तिन्हींचा अंमल एकाच दिवशी सुरू झाला. दंड संहिता, पुराव्याचा कायदा, कराराचा कायदा असे देशभरचे कायदे हैदराबाद राज्याला लागू झाले आणि त्यांच्या जागी असलेले संस्थानी कायदे रद्द झाले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथेही हेच घडलं.

कलमांचा मजकूर वकिलांना फारसा नवा वाटला नसणार. दिवाण पहिल्या सालारजंगाच्या काळापासून हैदराबादने आपले कायदे ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यांवरूनच बेतलेले होते. अडचण होती ती भाषेची आणि सालांची. १८८० च्या दशकात फारसी जाऊन उर्दू दरबाराची आणि कोर्टाची भाषा झाली होती. मराठी बोलणारा पक्षकार, मराठी बोलणारा वकील, आणि दावा मात्र उर्दूत. कायद्यांवर साल पडायचं ते फसली. १३५८ फसली म्हणजे इसवी सन १९४८-४९. जहागिऱ्या खालसा करणारा प्रसिद्ध कायदा याच सालचा, आणि आजही जमिनीच्या खटल्यात वकील '१३५८ फसली' असाच त्याचा उल्लेख करतात.

एखाद्या मोठ्या सत्तेचा कायदा आपल्या राज्यात कसा उतरवायचा, हा प्रश्न अलीकडे युरोपच्या संदर्भात चर्चेत असतो. १ मे १९९९ रोजी ॲमस्टरडॅमचा करार लागू झाला. स्थलांतर आणि आश्रय हे विषय तेव्हापासून युरोपीय संघाच्या सामाईक अखत्यारीत आले. मग ब्रसेल्सहून निर्देश निघू लागले. निर्देश म्हणजे काय साधायचं ते संघाने सांगायचं आणि ठरलेल्या मुदतीत प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात तशी तरतूद करायची. २००३ सालच्या एका निर्देशाने पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला कायम रहिवाशाचा दर्जा द्यायला सांगितलं. त्याची मुदत होती २३ जानेवारी २००६. डेन्मार्क, आयर्लंड आणि ब्रिटन त्यातून बाहेर राहिले, कारण बाहेर राहण्याची सोय करारातच होती.

हैदराबादला मुदत मिळाली नाही आणि बाहेर राहण्याची सोयही नव्हती. कागदावर संमती होती. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारताच्या लष्करी कारवाईनंतर, चौदा महिन्यांनी, नोव्हेंबर १९४९ मध्ये, निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना स्वीकारली. २६ जानेवारी १९५० ला तो राजप्रमुख झाला. पण चोरी, करार, पुरावा हे विषय दिल्लीने घेतले तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. हरकत आली ती वेगळ्याच ठिकाणी: आपलं माणूस कोण आणि परकं कोण, हे कुणी ठरवायचं?

हा प्रश्न दिल्लीने आणला नव्हता. तो हैदराबादेत फार जुना होता.

पहिल्या सालारजंगाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानचा कारभार नव्याने बसवला, तेव्हा त्याने उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मोहसिन-उल-मुल्क ही त्यांतली मोठी नावं. कारभार सुधारला, आणि दख्खनचे लोक, मग ते हैदराबादचे उमराव असोत की नांदेडचे देशमुख-देशपांडे, चांगल्या जागांपासून लांब राहिले. त्यातून मुलकी आणि गैरमुलकी हा वाद उभा राहिला. नियम वेळोवेळी झाले, पण ज्यांना पुढे सगळे 'मुलकी नियम' म्हणून ओळखू लागले ते १९१९ च्या फर्मानातले. संस्थानच्या नोकरीत मुलकी माणूसच घ्यायचा. बाहेरचा घ्यायचा झाला तर खास परवानगी हवी.

मुलकी कोण, याची व्याख्या बारकाईने केलेली होती. जन्माने संस्थानची प्रजा असलेला मुलकी. बाप सरकारी नोकर आणि मुलगा जन्मला तेव्हा त्याची पंधरा वर्षं नोकरी पुरी झालेली, तर मुलगा मुलकी. मुलक्याची बायको मुलकी. आणि बाहेरून येऊन पंधरा वर्षं कायम राहिलेला, परत आपल्या गावी जायचा विचार सोडून दिलेला आणि तसं प्रतिज्ञापत्र करून दिलेला माणूसही मुलकी. म्हणजे लातूरच्या घरात बार्शीची सून आली की ती लग्नाबरोबर मुलकी होई. बार्शी इंग्रजी मुलखात. पण तिच्या भावाने लातूरच्या आडत बाजारात दुकान थाटलं तर त्याला मात्र पंधरा वर्षं काढावी लागत. युरोपच्या त्या निर्देशातल्या पाच वर्षांच्या तिप्पट! शिवाय परतीचा विचार सोडल्याची शपथ वेगळी.

या व्याख्येत एक गोष्ट ठळक दिसते. तिला धर्माशी किंवा भाषेशी देणंघेणं नव्हतं. १८३२ च्या सुमारास रणजितसिंहांनी निजामाच्या मदतीला शीख फौज पाठवली आणि त्यातले पुष्कळ दख्खनमध्येच राहिले. नांदेडच्या हुजूर साहिबभोवतीचे हे दखनी शीख पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झाले. ते मुलकी, आणि लखनौहून नुकताच आलेला मोठा अधिकारी मुसलमान असूनही गैरमुलकी. १९३५ च्या आसपास निजामाच्या प्रजेची संघटना उभी राहिली. तिच्यात हिंदू-मुसलमान दोघेही होते, आणि तिची मागणी होती 'हैदराबाद हैदराबादींसाठी'. ती टिकली नाही. पुढच्या दहा वर्षांत राजकारण धर्माच्या रेषेवर गेलं आणि मुलकीपणाची रेषा पुसट झाली. मला हा मराठवाड्याच्या इतिहासातला फार मोठा हुकलेला रस्ता वाटतो.

हद्द ओलांडणाऱ्या माणसाचं काय करायचं, यावरही इंग्रज आणि निजाम यांच्यात कायमची ओढाताण होती. गुन्हेगार एकमेकांच्या ताब्यात द्यायचा करार १८६७ मध्ये झाला होता. पण रेल्वे आली आणि गुंता वाढला. संस्थानातून जाणाऱ्या रुळांच्या पट्ट्यावर निजामाने इंग्रजांना अखत्यार दिला होता. म्हणजे गाडीत बसलेला माणूस एका कायद्याखाली आणि स्टेशनाबाहेर उभा असलेला दुसऱ्या. मग सिमल्याच्या एका खटल्यासाठी इंग्रजी पोलिसांनी संस्थानी प्रजाजनाला रेल्वे स्टेशनात पकडलं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १८९७ मध्ये निकाल लागला: रुळांवरचा अखत्यार रेल्वेच्या कामापुरता, सिमल्याच्या गुन्ह्यासाठी तिथे अटक करणं बेकायदा. साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने साम्राज्याच्याच पोलिसांना संस्थानची हद्द दाखवून दिली. त्यानंतर तीनचार वर्षांत मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादला जाणारी मीटर गेज लाइन सुरू झाली. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोचली. लातूरचा माल बार्शी-कुर्डुवाडीकडे जाऊ लागला, पण वाटेत करोडगिरीचं नाकं होतं. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर साधारण पाच टक्के जकात, आणि हिशेब हाली शिक्क्यात, म्हणजे संस्थानच्या नाण्यात. शंभर कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपयांना हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै.

१९४७-४८ मध्ये ही हद्द अचानक जीवनमरणाची झाली. मध्य प्रांत-वऱ्हाडातून मुसलमान कुटुंबं संस्थानात आश्रयाला येत होती, आणि त्याच वेळी रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, भीतीने नांदेड-उस्मानाबादकडची हिंदू कुटुंबं हद्द ओलांडून वऱ्हाडात, बार्शी-सोलापूरला जात होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प हद्दीच्या पलीकडे, भारतात उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर या कार्यकर्त्यांनी हल्ला करून सुमारे २० लाखांचा खजिना नेला. संस्थानच्या कायद्याने तो दरोडा. हद्दीपलीकडे तोच पराक्रम. आजही उमरीत त्याची आठवण अभिमानाने काढली जाते. कायद्याचा गाव बदलला की गुन्ह्याचं नाव बदलतं, हे मराठवाड्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

पोलीस ॲक्शन १३ ते १७ सप्टेंबर १९४८. पाच दिवसांत राज्य गेलं. त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल मराठवाड्यात अजून मोकळेपणाने बोललं जात नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाला पाहणीसाठी पाठवलं. त्यांनी सर्वांत जास्त झळ बसलेले जे चार जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. सूड मुसलमानांवर निघाला होता. संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसं मेली असा त्या अहवालाचा अंदाज. तो अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत रझाकारांचे अत्याचार येतात, आणि ते आलेच पाहिजेत. पण दुसरी बाजू गाळली तर त्या वर्षाचा इतिहास अर्धाच राहतो.

नव्या कायद्याची खरी परीक्षा कोर्टात झाली, आणि तिच्या केंद्रस्थानी लातूरचा एक वकील होता. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. १० जानेवारी १९४८ ला बीबीनगर गावावर रझाकारांनी केलेल्या हल्ल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला गेला, तो लष्करी राजवटीत नेमलेल्या खास न्यायाधिकरणापुढे. खटला चालू असतानाच २६ जानेवारी १९५० उजाडला आणि घटनेचा १४ वा अनुच्छेद, कायद्यापुढे सर्व समान, हैदराबादलाही लागू झाला. मग प्रश्न आला: समानतेच्या आधी सुरू झालेली वेगळी कार्यपद्धती समानतेनंतरही चालू ठेवता येते का? १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम केली. बहुमताचं म्हणणं असं की एकंदरीत आरोपीला नेहमीच्या खटल्यासारखीच वागणूक मिळाली. विवियन बोस आणि गुलाम हसन या दोघांना ते पटलं नाही. या देशातल्या बहुतेकांना रझवीबद्दल सहानुभूती असण्याचं कारण नव्हतं. तरी त्याच्या बाजूने घटनेचा मुद्दा दोन न्यायमूर्तींनी उचलून धरला, ही गोष्ट मला त्या निकालातली सर्वांत मोलाची वाटते. १९५७ मध्ये सुटल्यावर रझवी पाकिस्तानला निघून गेला.

दुसरा खटला तेलंगणातल्या कम्युनिस्टांचा. त्यांना फाशी झाली होती आणि हैदराबादच्या हायकोर्टाने ती डिसेंबर १९४९ मध्ये कायम केली होती. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने सांगितलं, तो निकाल घटनेच्या आधीचा. तेव्हा हैदराबादचं हायकोर्ट 'भारताच्या राज्यक्षेत्रातलं' कोर्ट नव्हतं. म्हणून अपील ऐकता येत नाही. निकाल आणि घटना यांच्यामध्ये जेमतेम सहा आठवडे. एरवी हैदराबादच्या जुडिशियल कमिटीपुढे, म्हणजे संस्थानच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, तुंबलेली अपिलं घटनेने थेट सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवली होती. ज्याचं प्रकरण कमिटीपुढे पडून होतं त्याचं नशीब, आणि ज्याचा निकाल लवकर लागला तो दाराबाहेर.

नागरिकत्वाचा प्रश्न घटनेने एका ओळीत सोडवला होता. भारतात जन्मलेला, भारतात कायम राहणारा माणूस भारताचा नागरिक. हैदराबादची प्रजा आपोआप त्यात आली. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानला गेलेले तेवढे वगळले गेले आणि त्यांची मालमत्ता निष्क्रांत मालमत्तेच्या कायद्याखाली सरकारच्या देखरेखीत आली. पण मुलकीचं काय? घटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने सांगितलं की नोकरीत जन्मस्थान किंवा रहिवास यावरून भेद नाही. त्याच अनुच्छेदाने रहिवासाची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला दिला. आणि ३५ व्या अनुच्छेदाने असे जुने नियम संसद ते बदलेपर्यंत चालू ठेवले. म्हणजे भारत एक झाला, नागरिकत्व एक झालं, आणि १९१९ चं निजामाचं फर्मान घटनेच्याच आधाराने जिवंत राहिलं.

लष्करी आणि मग मुख्यमंत्री वेलोडींच्या राजवटीत मद्रास, मुंबई, मध्य प्रांतातून अधिकारी आले होते. ते गैरमुलकी, आणि लोकांचं म्हणणं असं की मुलकीचे खोटे दाखलेही सर्रास मिळतात. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबादेत विद्यार्थ्यांचं मुलकी आंदोलन पेटलं. सिटी कॉलेजजवळ गोळीबार झाला, माणसं मेली, आणि न्यायमूर्ती पिंगळे जगन्मोहन रेड्डी यांची चौकशी बसली. तेव्हाचे गृहमंत्री दिगंबरराव बिंदू हे मराठवाड्यातले, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. बाहेरच्यांच्या विरोधात उठलेल्या लोकांना आवरायचं काम आतल्याच माणसावर आलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मुलकीपणाचेही. नांदेड जिल्ह्यातून देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आणि मुधोळ-भैंसाकडचा भाग आंध्रात गेला. आदिलाबादेतून किनवट आला. बीदरमधून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर आले, जे आज लातूर जिल्ह्यात आहेत. देगलूरचा माणूस मुंबई राज्याचा झाला आणि जुक्कलचा त्याचा मामेभाऊ आंध्रचा. १९५७ मध्ये संसदेने सार्वजनिक नोकरीतल्या रहिवासाच्या अटी रद्द करणारा कायदा केला आणि तेलंगणासारख्या मोजक्या भागांना सवलत ठेवली. ती सवलत १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवली. १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने मूळ मुलकी नियम वैध ठरवले. आंध्रात आगडोंब उसळला आणि १९७३ मध्ये घटनादुरुस्ती करून, ३७१-ड अनुच्छेद घालून प्रकरण मिटवावं लागलं. मराठवाड्यातल्या मुलक्यासाठी मात्र १९५७ च्या कायद्यात सवलत नव्हती. त्याला मिळाला तो १९५३ चा नागपूर करार आणि नोकरीत लोकसंख्येच्या प्रमाणात वाट्याचं आश्वासन. नोकरीत पुरेशा संधीची तरतूद ३७१ (२) मध्ये आहे, आणि त्यानुसार वैधानिक विकास मंडळ यायला १९९४ उजाडलं. तेलंगणाने मुलकीवरून राज्य मिळवलं; मराठवाड्याने अनुशेषाचे अहवाल गोळा केले.

न्यायाच्या बाबतीत अंतराचा त्रास वेगळाच. १९५६ पूर्वी नांदेडच्या पक्षकाराचं हायकोर्ट हैदराबादला होतं. नंतर ते मुंबईला गेलं, म्हणजे दुपटीहून लांब. औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं २७ ऑगस्ट १९८१ ला. त्यालाही आव्हान दिलं गेलं आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. लातूर जिल्हा त्याच वर्षी, १६ ऑगस्टला झाला.

राज्य पुनर्रचना कायद्याने आणखी एक गोष्ट केली. १९५६ पूर्वीचे कायदे ज्या त्या भागात, बदलेपर्यंत, चालू राहतील असं ११९ व्या कलमात लिहून ठेवलं. त्यामुळे हैदराबाद राज्य संपलं तरी हैदराबादचे कायदे संपले नाहीत. मराठवाड्यातला कूळ कायदा म्हणजे १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा, पश्चिम महाराष्ट्राहून वेगळा. इनाम जमिनींचा वाद १९५४ च्या हैदराबाद इनाम कायद्यावर चालतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा कारभार चालतो तो हैदराबाद विधिमंडळाने शेवटच्या वर्षात केलेल्या १९५६ च्या ३७ व्या कायद्याने. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने त्याजागी नवा कायदा आणायचं ठरवलं, तेव्हा शीख समाजाने कडाडून विरोध केला आणि सरकार थांबलं.

२०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचे तर मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदींत कुणबी हा शब्द कुठे कुठे आहे, हे शोधायचं तिचं काम. तहसील कार्यालयांतली मोडी आणि उर्दू दप्तरं बाहेर निघाली, आणि अधिकाऱ्यांना कागद पाहण्यासाठी हैदराबादला जावं लागलं. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटच्या, म्हणजे निजामकालीन सरकारी नोंदींच्या, अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला. आपलं माणूस कोण हे ठरवायला पुन्हा निजामाचाच कागद! फरक एवढाच की त्या काळी नोंद लिहिणारा कारकून उर्दू आणि मोडी वाचू शकत होता. आज नांदेड-लातूरच्या तहसिलींत ते वाचणारे मोजकेच उरले आहेत. १९५६ मध्येच या दप्तरांचं देवनागरीत लिप्यंतर करायला हवं होतं. ते सरकारने केलं नाही, आणि त्याची किंमत आज दाखल्यासाठी हेलपाटे घालणारा माणूस मोजतो आहे.